शंखांच्या कपाटाबाबत, भावाचा दावा नामंजूर करून

मी, वय एकाहत्तर, अविवाहित, संग्रहालयाच्या शंख विभागातली माजी कर्मचारी, पूर्ण शुद्धीत हे मृत्युपत्र लिहिते. उजवं मनगट प्लॅस्टरमध्ये असल्याने अक्षर डाव्या हाताचं आहे. शाळेत डावरेपण घालवायला कॉन्व्हेंटच्या सिस्टरनी याच हातावर पट्टी मोडली होती, तरी तो लिहायला विसरलेला नाही.

मनगट माझ्या सख्ख्या धाकट्या भावाने मोडलं. विभागाच्या माजी प्रमुखांना माझं शंखांचं कपाट हवं आहे. बदल्यात ते भावाला संग्रहालयाच्या दुरुस्तीचं कंत्राट मिळवून देणार. "ताई, मुकाट्याने सही कर," म्हणत त्याने कपाट देऊन टाकल्याचा कागद पुढे केला आणि हात पिरगाळला. हाड वाजलं तेव्हा म्हणाला, "बघ, तुझा हट्ट."

प्रमुखांनी गोगलगायींचा वंशवृक्ष काढला. स्वतः शोधलेली जात उजव्या टोकाला मांडून 'सर्वांत प्रगत' म्हणून मिरवली. दोन जातींचं नातं त्या कोणत्या फाट्यावर वेगळ्या झाल्या यावरून ठरतं, टोकांच्या रांगेवरून नाही. शिवाय ही जात एका झटक्यात उपजली, मधली रूपं नाहीतच, असा त्यांचा हेका. ती दगड झालेली रूपं मी दरडीतून थरामागून थर उकरून आणली होती. त्यांनी मूठभर माझ्यादेखत बुटाखाली चिरडली. मी खडक फोडायच्या हातोडीने त्यांचा जबडा फोडला. नोकरी गेली. पश्चात्ताप नाही. काही जाती झपाट्याने होतातही. ही झाली नाही. पुरावा कपाटात आहे, आणि तो प्रमुखांच्या हाती पडला तर उरणार नाही.

म्हणून घर व कपाट भाचीला. लहानपणी तो वृक्ष पाहून ती म्हणाली होती, "आत्या, आरशात धरलं की यांची गोगलगाय मागासलेली होते." आता ती जीवशास्त्र शिकवते. तिने कपाट सर्व अभ्यासकांना खुलं करावं.

भाऊ म्हणेल, वंशवृक्षात मीच जवळचा. कबूल. नातं वृक्ष ठरवतो, वाटणी मी. त्याला काही नाही. त्याने कुलूप तोडलं तर भाचीने पोलिसांत जावं; बाप म्हणून गय करू नये.

स्थळ : माझं स्वयंपाकघर
दिनांक : ९ फेब्रुवारी
सही (डाव्या हाताची)

साक्षीदार १ : हाड बसवणारे डॉक्टर.

साक्षीदार २ : शेजारी भावाला घाबरून आले नाहीत. भावाची बायको आली, ओठ सुजलेला. म्हणाली, "वन्सं, पेन द्या." सही करून ती नवऱ्याकडे परतली नाही, लेकीकडे गेली.