दवाखान्यात जायचे कपडे

प्रिय रोशेलताई,

कामारिया आता बरी आहे, हे आधी सांगते, नाहीतर तू पत्र टाकून फोनच लावशील. परवा तिचं सिकलसेलचं दुखणं उठलं. बिचारी पाय धरून कण्हत होती, आणि मी, तिच्या आईनं, काय करावं? इस्त्री तापवली! चर्चचा पिवळा फ्रॉक, पांढरे मोजे, वेण्यांत नवे मणी. आपली आई तुला दवाखान्यात घेऊन निघायची ना, अगदी तश्शी. "गबाळी दिसलीस तर ह्या मेम्फिसमध्ये कुणी ढुंकून बघणार नाही. आणि तिथं भोकाड पसरलंस तर बघ!" हे ऐकतच तर आपण वाढलो.

डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "शून्य ते दहा, किती दुखतंय गं?" कामारिया गोड हसली. "तीन, मॅडम." मी म्हटलं, "अहो, फार दुखतंय तिला." तर म्हणतात, "एवढी छान नटून आलीये की!" औषध येईपर्यंत पोरीनं ओठ चावून रक्त काढलं होतं. मला त्यांचा राग आला, मग माझाच आला, मग नक्की कुणाचा आलाय तेच कळेना.

आणि माझं संशोधन ह्याच विषयावर! हात मोडलेल्या गोऱ्या मुलाला वेदनेचं औषध लवकर मिळतं, आपल्या काळ्या मुलांना उशिरा, असं माझे आकडे सांगतात. असं का, ते शोधायला घरोघर जाते. मिस अर्नेस्टीन म्हणून एक आजी आहेत. त्या म्हणाल्या, "नातू रडला तेव्हा म्हणाले नाटकी आहे, नाही रडला तेव्हा म्हणाले घरी न्या. तू एवढी शिकलेली, तूच सांग बाई!" काय सांगू, कपाळ? आयाच मुलांना दुखणं लपवायला शिकवतात असं अहवालात लिहिलं, तर सगळं खापर आयांच्या डोक्यावर फुटेल. गाळलं, तर अहवाल खोटा. ताई, डोकं नुसतं भणाणून गेलंय.

पण हे पत्र अहवालासाठी नाही. काल दवाखान्यातून घरी येताना कामारियानं विचारलं, "आई, पुढच्या वेळी मी रडले तर चालेल?" मला हे दुखणं कधी झालंच नाही गं. तू ते जन्मभर सोसलंयस. ह्याचं उत्तर मला नको लिहूस, तिलाच लिही. आता तिला वाचता येतं.

तुझीच धाकटी,
डेनिटा