चौदावा फोटो

प्रिय कियोहारू,

सफरचंदांची पेटी पोचली. यंदा फळ गोड उतरलंय. इथे अकितात गुडघाभर बर्फ पडलाय, आणि मी रजा टाकून तुला लिहायला बसले आहे.

मंगळवारी नुमाताबाई तपासणीला आल्या होत्या. आमच्या इस्पितळासमोर त्यांचं नूडल्सचं दुकान आहे. मोठ्या आतड्यात दुर्बीण घातली, सगळं नीट दिसत होतं. एका वळणावर मात्र नखाएवढी फिकट लाली होती. ना गाठ, ना उंचवटा. नर्स हात्सुमी म्हणाली, "डॉक्टर, इथे तर काहीच नाहीये." मी ती जागा धुऊन निळा रंग फवारला. रंग मधोमध साचला, म्हणजे तिथे खळगा होता. मग भिंगाने मोठं करून पाहिलं. निरोगी आतड्यावर बारीक गोल छिद्रं सारखी मांडलेली असतात. इथे ती वेडीवाकडी, एकमेकांत मिसळलेली. कर्करोगाची अगदी सुरुवात. दुर्बिणीतूनच कापून काढता आली. नुमाताबाई नंतर म्हणतात कशा, "आत निळी शाई ओतलीत म्हणे! पत्रबित्र लिहिलंत की काय?" सगळे हसले. मला हसू येईना.

ती लाली मी आधी कुठेतरी पाहिली होती. संध्याकाळी जुन्या नोंदी उघडल्या. अकरा वर्षांपूर्वी बाबांना मीच तपासलं होतं, आठवतंय? बागेत फळं उतरवायची घाई होती. "आटप गं शिझुए, माणसं खोळंबलीत माझी," असं ते तपासणीच्या टेबलावरूनही म्हणत होते. तो दिवस मी किती वेळा आठवला असेल! पण तपासणीचे फोटो उघडून बघायचं धाडस कधी झालं नाही. या मंगळवारी ते बघितले. चौदाव्या फोटोत, डाव्या कोपऱ्यात, तशीच फिकट लाली आहे. तीन वर्षांनी बाबांची गाठ त्याच वळणावर निघाली.

भिंगाची दुर्बीण शेजारच्या खोलीत होती. निळा रंग हाताशी होता. पाच मिनिटं लागली असती. मी पुढे सरकले आणि "स्वच्छ आहे, बाबा" म्हणाले.

गेल्या उन्हाळ्यात तुझ्या बायकोने फोन केला. तुला शौचातून रक्त पडतंय, आणि डॉक्टरकडे जा म्हटलं की तू म्हणतोस, "ताईने स्वतः तपासलं होतं, तरी बाबा गेले. मग उपयोग काय त्या दुर्बिणीचा?" चूक माझीच असेल ही शंका मला तेव्हाही होती. ती तुला कळू नये एवढंच बघत राहिले.

कियोहारू, दुर्बीण चुकली नव्हती. मी चुकले होते. हे वाचून तू माझ्याशी बोलणं सोडलंस तरी मी काही म्हणणार नाही. पण तपासून घे. माझ्याकडे येऊ नकोस. मोरिओकातल्या एका डॉक्टरीणबाईंकडे तुझं नाव येत्या सोमवारी, सकाळी नऊला लावलंय. त्यांना मी बाबांचं सगळं सांगितलं आहे. त्या घाई करत नाहीत.

तुझीच,
शिझुएताई