सॅव्हानाची रुमालवाली

बाबा, तुम्ही सॅव्हानाबद्दल जे जे सांगायचात, त्यातलं बरंचसं खरं निघालं. अमेरिकेच्या दक्षिणेकडचं ते जुनं बंदर मी अजून पाहिलेलं नाही, पण सिंगापुरात टॅम्पिनीसच्या या फ्लॅटमध्ये एकटी बसून फोनवर सगळं वाचून काढलं. नदीकाठच्या रस्त्यांचे दगड खरंच शिडाच्या जहाजांतून आलेले आहेत, रिकामं जहाज डुलू नये म्हणून तळाशी भरलेले. झाडांवरून करड्या जटा लोंबतात, त्यांना स्पॅनिश मॉस म्हणतात, पण ते स्पॅनिशही नाही आणि शेवाळही नाही, अननसाच्या नात्यातलं आहे. हे तेव्हा तुम्ही मुंबईच्या स्वयंपाकघरात भाकरी मोडत सांगताय आणि आई तव्यापाशी करवादतेय, "अहो, जेवा आधी, गार होतंय सगळं." तुम्ही कुठले ऐकताय!

पण माझी आवडती रुमालवालीच. त्या नदीकाठी एक बाई राहायची, येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येक जहाजाला रुमाल हलवायची, वर्षानुवर्षं. आता तिथे तिचा पुतळा आहे, शेजारी कुत्रा. "आमचं जहाज अगदी जवळून गेलं, मी कठड्याशी उभा राहून हात केला तिला," असं तुम्ही म्हणालात आणि मला वेडच लागलं. तुमचं जहाज मुंबईहून सुटलं की मी आईला ओढत अपोलो बंदरावर न्यायची आणि हात भरून येईपर्यंत लाल रुमाल हलवायची. त्यातलं तुमचं जहाज कुठलं, हेही धड कळायचं नाही. मग पुढच्या बंदरातून तुमचा फोन यायचा, "दिसलीस गं चिमणे! लाल रुमाल लांबून ओळखला." मैत्रिणींचे वडील रोज संध्याकाळी घरी यायचे, त्याचा मला फार हेवा वाटायचा. पण माझ्या बाबांना मी भर समुद्रातून दिसते, या एका गोष्टीवर मी अख्खं बालपण काढलं. तुम्ही कायमचे गेल्यावरही मला तीच पुरली.

आता तुमचा नातू जहाजावर लागलाय, तुमच्यासारखाच इंजिनात. मागच्या महिन्यात त्याचं जहाज सिंगापूरहून निघणार होतं. मी त्याच्यासाठी चकल्या डब्यात भरत होते. म्हटलं, "ईस्ट कोस्टच्या किनाऱ्यावर येऊन रुमाल हलवते हं. तुझ्या आजोबांना दिसायचा." तो हसायला लागला, इथल्या पोरांसारखा वाक्यावाक्याला 'लाह' जोडत. "कसा दिसणार, आई? बंदरातून आत-बाहेर करताना इंजिनवाले सगळे खाली इंजिनरूममध्ये असतात लाह. स्टँडबाय. खुल्या समुद्रात जाईपर्यंत नो कमिंग अप." मी विचारलं, "आणि आजोबांच्या वेळी?" तर म्हणाला, "सेम लाह."

म्हणजे जहाजावरून तुम्ही ना तो पुतळा पाहिलात, ना मला. काय हो बाबा, केवढी ही थाप! मला राग आला, चांगलाच आला. तुमच्या फोटोसमोर उभी राहून बोलले तुम्हाला, घरात ऐकायला दुसरं आहे कोण? बोलता बोलता रडू फुटलं. तुम्ही खाली त्या धडधडाटात घामाघूम, आणि मी वेड्यासारखी रिकाम्या कठड्याला रुमाल दाखवतेय. तुम्हाला कुणीतरी वर बोलवायला हवं होतं, नुसतं क्षणभर.

त्याचं जहाज सुटलं. पुढच्या बंदरातून त्याचा फोन आला. एरवी हाय-बाय करून ठेवून देणारा मुलगा, पण आवाजात नको तेवढा उत्साह. "आई, सॉ यू! रेड हँकी, राइट? व्हेरी क्लिअर लाह!" मग म्हटलं, "हो रे, हात भरून आला माझा." तो खूश झाला. फोन ठेवल्यावर घर फार शांत वाटलं.

हे पत्र काही कुठे पोचायचं नाही, म्हणून तुम्हालाच सांगते. त्या दिवशी मी किनाऱ्यावर गेलेच नव्हते. जुरोंग ईस्टच्या माझ्या ऑफिसात बसून होते. तो खालीच असणार, मग रुमाल दाखवू कुणाला, असं म्हणून.