सेट-टॉप बॉक्सवरची नाचणी

आये, जिंकले मी. आधी हेच सांगते, कारण तू असतीस तर बाकीचं ऐकायच्या आत उठून गोठ्यात गेली असतीस. मी मुंग्या पाळल्यात, हौसेने, काचेच्या पेटीत. वाळवंटातल्या, बी साठवून त्यावर जगणाऱ्या. तुझे जावई कच्छच्या बंदरात कामाला होते तेव्हा अंगणात पंख गळालेली राणी सापडली. पुढे त्यांना जयगडला नोकरी मिळाली, आम्ही रत्नागिरीत बिऱ्हाड केलं, तशी तीही काचेच्या नळीतून आली. शेजारीण म्हणते, जग मुंग्यांना खडूची रेघ ओढतं आणि ही बाई त्यांना नाचणी घालते.

पण वाळवंटातला जीव आणि आपलं कोकण! पहिल्याच पावसाळ्यात त्यांच्या कोठारातल्या नाचणीला बुरशी आली, निम्म्या मुंग्या मेल्या. त्या वेचताना तुझाच आवाज कानात. मी बारा वर्षांची, दिवाळी नुकतीच झालीय, खळ्यावर पुढच्या पेरणीचं भात वाळत घातलंय, राखण माझ्याकडे, आणि अवकाळी सर येते. सगळ्या बियाण्याला मोड आले. तू मारलं नाहीस. एवढंच म्हणालीस, "तुज्या हातात बियाणं टिकायचं नाय." ते मी आजवर बाळगलंय, आणि तुझा रागही केलाय.

शेवटी तुझंच केलं. तू बियाणं चुलीवरच्या माळ्यावर ठेवायचीस, उबेला. माझ्याकडे चूल नाही, टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स आहे, दिवसभर गरम. मुंग्यांचं कोठार त्याच्यावर मांडलं, राणीची ओलसर खोली बाजूला, गारव्यात, मधे ये-जा करायला नळी. ह्यांनी बातम्या बघून बटण बंद केलं की मी परत चालू करते. यंदा तिसरा पावसाळा गेला. शेजारणीच्या रव्यात जाळी धरली, माझी नाचणी खडखडीत. एखाद्या दाण्याला मोड आलाच तर मुंगी तो कुरतडून टाकते आणि दाणा परत रचून ठेवते. मग चावून चावून त्याचं पीठ मळतात, पिल्लांना भरवतात. उरल्या होत्या त्या निम्म्या आता मोजता येत नाहीत इतक्या झाल्यात. टिकलं, आये. माझ्या हातात बियाणं टिकलं.

हा कागद कुठे पाठवणार, वहीतच राहील, म्हणून लिहून टाकते. त्या दिवशी डोळा लागला असं तुला सांगितलं, ते खोटं. मी जागी होते, ढग दिसत होते. काळ्या मुंग्या आपलं भात ओळीने बिळात नेत होत्या, आणि मी भात गोळा करायला उठले असते तर त्यांची ओळ मोडली असती.