गच्चीवरचे पाय

आई, तुला जाऊन इतकी वर्षं झाली, आणि मी आज तुझ्या पायांबद्दल लिहायला बसले आहे.

सौसरच्या घराची गच्ची, वैशाखातली दुपार. आम्ही पोरी शेवयांसारखे सरगुंडे वाळत घालताना चटक्यांनी एका पायावरून दुसऱ्यावर उड्या मारतो आहोत आणि तू अनवाणी, सावकाश, या टोकापासून त्या टोकापर्यंत चालते आहेस. शेजारची काकू म्हणाली, "तुह्ये पाय लोखंडाचे हायेत का व?" तू हसलीस. आम्हाला तुझा अभिमान वाटला. संध्याकाळी तळव्यांना टपोरे फोड आले, तेव्हाही तू म्हणालीस, "काही नाही होत, दुखून कुठी राह्यलं?" दुखत नाही म्हणून सगळे निर्धास्त झाले. तुझी शुगर डॉक्टर तपासत, जीभ बघत, नाडी बघत. पाय वर घ्या असं कुणी म्हणालं नाही. पावसाळ्यात अंगठा काळा पडला. नागपूरला गुडघ्याखालून पाय कापला, आणि दिवाळी तू पाहिली नाहीस.

मला आता तुझ्याइतकीच शुगर आहे. परवा पांढुर्ण्याहून एकटीच नागपूरला गेले, घरी दातांचं सांगून. तिथे फक्त पायांचे डॉक्टर असतात म्हणे. पोरसवदा बाई होत्या. बुटक्या स्टुलावर बसून त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, तशी मी लाजून ओढून घेतला. "राहू द्या काकू, हेच माझं काम आहे. डोळे मिटा, हा नायलॉनचा दोरा तळव्याला टेकला की सांगा."

मी वाट पाहिली. काहीच कळेना, म्हणून अंदाजानं म्हटलं, "लागला."

"आत्ता मी टेकवलाच नव्हता, काकू."

मग मी तुझं सांगितलं. त्या म्हणाल्या, "फोड आले तेव्हा कुणी नीट पाहिलं असतं, तर कदाचित पाय वाचला असता." माझ्या पायांची काळजी घेता येईल, पण शुगरमुळे गेलेली जाणीव बहुतेक परत येणार नाही, असंही म्हणाल्या. परतीच्या बसमध्ये मला त्यांचा रागच येत होता. तीस-पस्तीस वर्षं मी देवाची मर्जी म्हणत आले होते, तेवढंही त्यांनी ठेवलं नाही.

हे तुला पोचणार नाही, म्हणूनच लिहिते. घरात अजून कुणाला बोलले नाही. पायात चप्पल आहे की नाही, हे आता मला खाली बघूनच कळतं, आई.