सगळ्या पास झाल्या आणि वर्ग बंद पडला

तीर्थस्वरूप मावशी,

साष्टांग नमस्कार (मनातल्या मनात, माझी कंबर तुला ठाऊकच आहे). गुडघे काय म्हणतात? सूनबाई चहात साखर घालू देते का? इकडे सगळे खुशाल, फक्त आपला प्रौढ साक्षरता वर्ग बुडाला.

झालं असं, की सरकारचा पैसा सत्कारणी लागतोय का, ते मोजायला एक साहेब आले. (शिपायाने झटकून दिलेल्या खुर्चीवर त्यांनी पुन्हा रुमाल मारला, तेव्हाच मी काय ते ओळखलं.) म्हणाले, बाई, इतक्या वर्षांत तुमच्याकडे एकही बाई परीक्षा पास कशी होत नाही? आता त्यांना काय सांगू, कपाळ? पास झालं की वर्गातून नाव कमी होतं, म्हणून पेपर मुद्दाम बिघडवायचा, ही रीत तूच घालून दिलीस ना! मुलाला पानपानभर पत्रं लिहायचीस आणि परीक्षेत 'कमळ' लिहिताना घाम पुसायचीस. इस्त्रीवाल्या काकू तर आधी पेपरातल्या चुका मला दाखवायच्या आणि मग नापास व्हायच्या. संध्याकाळी घराबाहेर पडायला तुम्हाला तेवढंच एक निमित्त होतं. खिडकीपाशी बसून तुम्ही सुनांची उणीदुणी काढायचात, मी फळ्याकडे तोंड करून हसू दाबायचे. तू मुलाकडे राहायला गेलीस, तरी ते दिवस अजून आठवतात, मावशी.

तर साहेब म्हणाले, निकाल शून्य, वर्ग बंद करावा लागेल. माझं धाबं दणाणलं. मी सगळ्यांच्या हातापाया पडले, की बायांनो, या खेपेला तरी माझी लाज राखा. राखली. झाडून सगळ्या पास, काकू पहिल्या! साहेब खूश झाले आणि त्यांनी शेरा मारला: उद्दिष्ट पूर्ण झाले, सबब वर्ग बंद करावा. आता खोलीला कुलूप आहे. काकू रोज संध्याकाळी तिथवर जातात, उभ्या राहतात आणि परत येतात.

तुझी भाची

ता. क. पुरेशा निरक्षर बायका मिळाल्या तर नवा वर्ग मंजूर होईल म्हणे. (पास झालेल्यांना मी मदतनीस म्हणून बसवून घेईन.) मागच्या गल्लीतल्या तयार आहेत, फक्त एक कमी पडतेय. तू माझ्याकडे राहायला ये आणि साहेबांसमोर अंगठा पुढे कर. परीक्षा तू कधीच पास झाली नाहीस, तेव्हा सरकारदरबारी हे खोटंही नाही.

आणखी एक. उत्तर स्वतःच्या हाताने लिही, मुलाकडून लिहून घेऊ नकोस. तुझं अक्षर पाहून फार दिवस झाले. पत्र मी नीट लपवून ठेवीन. साहेबांच्या हाती लागलं तर तूही पास व्हायचीस.