पांढरीची माती

मंगळवार, २ डिसेंबर. अमळनेर

पाय भरून आलेत. तीन दिवस ते वावर पालथं घातलं, जुनी खापरं नकाशावर टिपली. शंखाच्या बांगडीच्या तुकड्याने घात केला. समुद्रावरचा शंख इथं तापीकाठी, म्हणजे ताम्रपाषाण वस्तीच सापडली, असं धरून बसलो.

आज निघताना वावराच्या मालकीण अक्का सहज म्हणाल्या, "ही माती आठली नही. मना सासरानी पांढरीनी माती आनेल शे."

म्हणजे माती इथली नाहीच; नदीवरच्या जुन्या वस्तीच्या टेकाडाची, सासऱ्यांनी आणून खत म्हणून टाकलेली. तीन दिवस मी खत मोजत होतो. पहिल्याच दिवशी का विचारलं नाही?

"मग ते टेकाड दाखवाल?"

"आते कोठे ऱ्हायनं? बठ्ठं लोकेसना वावरमा शे." सगळं टेकाडच लोकांच्या वावरांत पसरलंय.

बांगडीचा तुकडा समोर टेबलावर आहे. नमुन्याच्या डबीवर ठिकाण काय लिहू?